सर्वांत झिजलेले बटण

मित्रांनो, कीबोर्डचे वय ओळखायचे असेल तर त्याच्या अक्षरांकडे बघू नका. खोडायच्या बटणाकडे बघा. माझे ते बटण इतके झिजले आहे की त्यावरचा बाण केव्हाच पुसला गेला आणि मधोमध बोटाएवढा खळगा पडला. तर असा मी एक जुना कीबोर्ड आहे. सारे आयुष्य लिहिणाऱ्यांच्या हाताखाली काढले, पण मला सर्वांत जास्त ठाऊक आहे ते लिहून खोडलेले. पाठवलेले जगाला कळते. खोडलेले फक्त आम्हाला कळते.

माझी गोष्ट भीतीची आहे. भुताची नाही हो. भूत असते तर बरे झाले असते, निदान दिवा लावल्यावर गेले असते.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. आम्ही सगळे एका सरकत्या पट्ट्यावरून रांगेने पुढे जायचो आणि शेवटी एक लोखंडी बोट आमचे एकेक बटण दाबून बघायचे. ज्याचे बटण अडकले तो निळ्या पिंपात. माझ्या स्प्रिंगा नुसत्या थरथरत होत्या. माझ्या पुढचा पिंपात गेला, त्याचा पडताना झालेला आवाज मला अजून ऐकू येतो. मग माझी पाळी आली. बोट सरसर फिरले आणि तपासणाऱ्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "हा ऐक, काय खणखणीत वाजतो!"

किती वर्षे मला वाटत होते, की मी घाबरलो होतो म्हणूनच नीट वाजलो. पुढचाही माझ्याइतकाच घाबरला होता, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. बिचाऱ्याची एक स्प्रिंग वाकडी बसली होती, एवढेच. भीतीने स्प्रिंग सरळ होत नाही. पण हे कळायला मला दोन माणसांच्या हाताखालून जावे लागले.

पहिला माणूस म्हणजे वस्तरा. लोक त्याला तोंडावर दादा म्हणत आणि पाठीमागे वस्तरा. दिवसा तो कचेरीत नोकरी करी आणि उरलेल्या वेळात घरी बसून एक प्रोग्रॅम लिही. त्या प्रोग्रॅमचे नाव राखण.

राखणीचे काम सांगतो. दवाखान्यात औषधांचा फ्रीज असतो. काही औषधांना उष्णता सोसत नाही आणि गोठणेही सोसत नाही. तान्ह्या बाळासारखा प्रकार. फ्रीजमध्ये एक छोटा तापमापक ठेवायचा, त्याची वायर बाहेरच्या कॉम्प्युटरला जोडायची, आणि राखण त्या आकड्यावर डोळा ठेवणार. आकडा ठीक असला की पडद्यावर हिरवा ठिपका. बिघडला की भोंगा. वस्तऱ्याच्या आईला रोज इन्सुलिनचे इंजेक्शन लागे. एकदा बिघडलेल्या फ्रीजमधले इन्सुलिन तिच्या वाट्याला आले आणि घर हादरले. त्यातून राखण जन्मली.

आणि ती खुली होती. म्हणजे तिच्या पोटातले सगळे लिखाण कुणीही वाचावे, चूक दिसली तर दाखवावी, जमली तर दुरुस्त करून पाठवावी. मोबदला कुणालाच नाही, अगदी वस्तऱ्यालाही नाही. ही सगळी बोलणी इंटरनेटवरच्या एका जागी चालत, तिला ते कट्टा म्हणत. कट्ट्यावर जे लिहिले ते सगळ्यांसमोर. दुरुस्ती घ्यायची की नाही हे मात्र शेवटी वस्तरा ठरवी.

सुरुवातीचे दिवस आठवले की माझ्या स्प्रिंगा अजून सुखावतात. कुणी चूक दाखवली की तो लिही, "वा! मला दिसलीच नव्हती." त्याची बोटे माझ्यावरून पोहल्यासारखी जात. दुरून कुठून कुठून माणसे येत. एक भूगोलाच्या शिक्षिका होत्या, त्यांनी तापमानाचे आलेख काढायचा भाग लिहिला. तो इतका सुरेख होता की वस्तऱ्याने आईला बोलावून दाखवला. आईला त्यातले काही कळले नाही. "डोंगर छान आलेत," ती म्हणाली.

मग एक दिवस एका दवाखान्यात राखणीचा भोंगा उगाच वाजला. झाले होते एवढेच, की तापमापकाकडून एक आकडा यायला क्षणभर उशीर झाला. पण तिथल्या लोकांनी घाबरून सगळा फ्रीज रिकामा केला, चांगली औषधे कचऱ्यात गेली, आणि कट्ट्यावर येऊन त्यांनी वस्तऱ्याला सगळ्यांदेखत फाडून खाल्ले. तो ते वाचत असताना त्याचे हात माझ्यावर होते. मित्रांनो, ती बोटे बर्फासारखी गार पडली होती.

त्या दिवसानंतर त्याने दोन गोष्टी केल्या. पहिली, राखणीत एक ओळ घातली: तापमापकाकडून आकडा आला नाही, तर शेवटचा आलेला आकडा दाखवत राहा आणि गप्प बसा. किती वेळ गप्प बसायचे, हे लिहायचे राहून गेले. आणि दुसरी गोष्ट, तो स्वतः मात्र गप्प बसेनासा झाला.

"हे लिहिताना डोकं घरी ठेवलं होतं का?"

"वाचता येत नसेल तर निदान लिहू नका."

"ही दुरुस्ती नाही, हा रोग आहे."

असे घाव तो घाली, आणि माझ्यावर इतक्या जोराने, की टेबलावरचा पेन गडगडत खाली जाई.

"कुणाशी भांडतोस रे एवढं?" आई दारातून विचारी.

"भांडत नाही, आई. काम करतोय."

"मग त्या बिचाऱ्याला का बडवतोस?"

बिचारा म्हणजे मी.

गंमत अशी, की कट्ट्यावर त्याची कीर्ती वाढली. लोक त्याचे टोमणे एकमेकांना वाचून दाखवत. "दादांच्या हातून सुटलं म्हणजे काम अस्सल," असे म्हणत. चुकीच्या दुरुस्त्या येणे खरेच कमी झाले. वस्तऱ्याला वाटले, औषध लागू पडले.

भूगोलाच्या बाईंनी एकदा विचारले, "हा भाग मला समजला नाही, जरा सांगाल का?" त्याने लिहिले, "समजत नसेल तर डोंगर काढत बसा." बाई भांडल्या नाहीत. उत्तरही दिले नाही. फक्त पुन्हा आल्या नाहीत. भांडणारा माणूस सगळ्यांना दिसतो. उठून जाणारा कुणाला दिसत नाही. वस्तऱ्याला तर त्यांची आठवणही राहिली नसावी.

आता दुसरे माणूस. वहिनी. वस्तऱ्याच्या थोरल्या भावाची बायको. थोरला भाऊ जहाजावर नोकरीला, घरात सहा सहा महिने नसे. वहिनी जवळच्या दवाखान्यात औषधांची खोली सांभाळी. तिथेही राखण होती. वस्तऱ्यानेच बसवून दिली होती. एकदा ती चहा घेऊन आली आणि त्याच्या खांद्यावरून पडदा वाचू लागली.

"भाऊजी, केवढं बोललात हो त्याला!"

"बोललो म्हणून पुढच्या वेळी नीट लिहील. भीती असली ना वहिनी, की माणूस हात सांभाळून चालवतो."

"आमच्याकडे एक मोठ्या सिस्टर होत्या," वहिनी कप ठेवत म्हणाली. "कुणाच्या हातून औषधाची कुपी फुटली की सगळ्यांसमोर पाणउतारा. त्यांच्या काळात एक कुपी फुटली नाही."

"बघा! काय म्हणत होतो मी?"

"त्या निवृत्त झाल्यावर आम्ही झाडायला म्हणून कपाट सरकवलं. मागे काचांचा हा ढीग."

वस्तरा खळखळून हसला. "तुमचं वेगळं, वहिनी. माझ्याकडे कपाटच नाही. सगळं उघड्यावर असतं."

वहिनीने पडद्याकडे जरा जास्त वेळ बघितले.

काही दिवसांनी वस्तऱ्याने नवा कीबोर्ड आणला, आतून दिवे लागणारा. मी टेबलाखाली गेलो. तिथे काय, धूळ, एक हरवलेला मोजा आणि अंधार. माझ्या बटणांच्या फटींत कचरा साठला, एका कोपऱ्यात कोळ्याने संसार थाटला. कामाचा होतो तेव्हा मार खाल्ला, बिनकामाचा झालो तेव्हा तोही नाही. कोणते वाईट, अजून ठरवता येत नाही.

"हा मला द्याल का?" एके दिवशी वहिनीचा आवाज आला.

"हा? जुना झालाय, वहिनी."

"मी कुठे नवी आहे?"

तिने मला उलटा करून झटकले, कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून एकेक बटण पुसले आणि कपडे धुण्याच्या मशीनशेजारी खिडकीपाशी एक छोटे टेबल लावून त्यावर एका जुन्या कॉम्प्युटरपुढे ठेवले. दवाखान्यातून येऊन, धुणे लावून ती बसे आणि स्वतःचे स्वतः शिके. पुस्तकात बघून, चुकून, पुन्हा बघून. तिच्या बोटांना स्पिरिटचा वास होता, आणि ती बोटे दार वाजवल्यासारखी हळू पडत: येऊ का आत?

कट्ट्यावर खरे नाव बहुतेक कुणीच लावत नसे. कुणी वादळ, कुणी चक्रम, कुणी नुसताच टिंब. वहिनीने नाव घेतले खार. "उचलायचा तर खारीचाच वाटा," ती स्वतःशी म्हणाली. भाऊजींची वहिनी म्हणून कुणी गोड बोलायला नको, आणि भाऊजींनाही अवघडल्यासारखे नको, असा तिचा हिशेब. कट्ट्यावर सगळ्यांना वाटले, खार म्हणजे कुणीतरी कॉलेजातला मुलगा असावा.

तिची पहिली दुरुस्ती अगदी लहान होती. वस्तऱ्याने एकच शब्द लिहिला: "घेतलं." शेजारच्या खोलीतून त्याच्या कीबोर्डचा आवाज भिंतीतून आला आणि लगेच माझ्यासमोरच्या पडद्यावर तो शब्द उमटला. वहिनीने मशीनमधले ओले कपडे तसेच ठेवले आणि तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला.

दुसऱ्या दुरुस्तीत तिची चूक झाली. राखणीतल्या तारखा उलट्या क्रमाने दिसू लागल्या. भिंतीपलीकडून खटखट आवाज आला. मी तो आवाज ओळखला.

"खार, झाडावर जा. इथे माणसं काम करतात."

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. वादळ हसला, चक्रम हसला. वहिनीचे हात माझ्यावर होते. मला ती बोटे आधी भेटली होती, मित्रांनो. तशीच गार, तशीच निर्जीव. फक्त मागच्या वेळी ती वस्तऱ्याची होती.

थोड्या वेळाने जेवणाच्या टेबलावरून त्याचा आवाज आला, "वहिनी, आज जेवण काय फक्कड झालंय!"

"वाढू का अजून?" वहिनी म्हणाली.

मी खोटे बोलणार नाही. पुढची दुरुस्ती तिने तीन तीनदा तपासली आणि ती खरेच चांगली झाली. वस्तऱ्याने लिहिले, "आता बरं." मलाही वाटले, अरे, या भीतीचा उपयोग होतो की काय? भीतीचे हेच तर वाईट. पहिल्या दिवशी ती कामाला लागते. दुसऱ्या दिवशी घर मागते.

चौथ्या वेळी वहिनीने दुरुस्ती लिहिली, पुन्हा पुन्हा तपासली आणि खोडली. पाचव्या वेळी नुसता प्रश्न लिहिला आणि खोडला. पुढे पुढे तर ती "नमस्कार" लिही आणि तेवढेच खोडी. माझ्या त्या बटणावरचा बाण तेव्हा पुसला गेला. कट्ट्यावर सगळ्यांना वाटत होते, खार हल्ली चुका करत नाही.

एका दुपारी ती दवाखान्यातून आली ती पर्स न काढताच माझ्यासमोर बसली. त्या दिवशी तिथे फरशी पुसताना तापमापकाच्या वायरीला ओढ बसली होती आणि तो बाहेर येऊन, बंद पडून भिंतीवर लोंबत होता. भर उन्हाळ्यातल्या खोलीत लोंबत होता आणि पडद्यावर आकडा तोच: चार अंश. ठिपका हिरवा. तिने मुद्दाम वायर कॉम्प्युटरपासूनही सोडवली. तरी चार अंश. तरी हिरवा. ती थांबली, घड्याळाकडे बघत बसली, आणि ठिपका तिच्याकडे बघत राहिला.

घरी येऊन तिने राखणीच्या पोटात शोधले आणि ती ओळ सापडली. आकडा आला नाही तर शेवटचा दाखवत राहा, गप्प बसा. ओळीखाली लिहिणाऱ्याचे नाव होते. वस्तऱ्याचे.

तिने आधी समोरासमोर प्रयत्न केला. "भाऊजी, आमच्याकडे वायर निघाली होती, तरी पडद्यावर हिरवंच दिसत होतं."

"वायर निघते कशी?" तो वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाला. "नीट लावत नसतील. राखणीत काही नाही, वहिनी. माणसं चुकतात."

"हो, असेल," वहिनी म्हणाली.

मग ती कट्ट्यासाठी लिहायला बसली. "दादा, राखणीत एक गंभीर चूक आहे." खोडले. "चूक नसेलही, पण मला असे दिसले." खोडले. "माझेच चुकत असेल, माफ करा, पण तापमापक बंद पडला तर..." इथे तिचे बोट एंटरवर आले. हललेच नाही. मी माझा सगळा जीव त्या एका बटणात आणला. अगं, दाब! पण आम्हाला दाबून घेता येते, दाबता येत नाही. भिंतीपलीकडे खटखट सुरू झाली. दुसऱ्याच कुणाची तरी सालटी निघत होती. तिचे बोट उचलले गेले आणि खळग्यात जाऊन बसले. शेवटचे अक्षर, त्याआधीचे, त्याआधीचे. पडदा पांढरा झाला.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी आपल्या दवाखान्यातला फ्रीज रोज दार उघडून, हाताने तपासू लागली. तिचा फ्रीज सुरक्षित होता. बाकीच्या गावांतले फ्रीज हिरव्या ठिपक्याच्या भरवशावर. मला त्या दिवसांत ठिपक्याची फार भीती वाटे. चिडलेले माणूस दिसते तरी. सगळे ठीक आहे असे सांगणारा तो हिरवा डोळा मिटतच नव्हता.

त्याच सुमारास आई लेकीकडे राहायला गेली, दुसऱ्या गावी. आणि एका दुपारी लेकीचा फोन आला. वहिनीने फोन माझ्याशेजारी ठेवून मोठ्या आवाजावर टाकला, कारण तिचे हात ओले होते.

"वहिनी, आईची साखर खालीच येत नाहीये गं. इंजेक्शन वेळेवर देतेय. डोस दोनदा बघून देतेय. आज तर धड बोलतही नाहीये, नुसती झोपून आहे."

"इन्सुलिन कुठून आणलंत?"

"कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून. तिथे आपल्या दादाचा हिरवा ठिपका आहे ना, म्हणून मुद्दाम तिथूनच घेते."

वहिनीचे ओले हात माझ्यावर टेकले. "ऐक. ती बाटली पुन्हा वापरू नकोस. आईला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात ने. बाटली बरोबर ने, त्यांना दाखव. पळ."

मग तिने हाक मारली, "भाऊजी!" त्या घरात तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

वस्तरा धावत आला. तिने सांगितले तसा त्याने कोपऱ्यावरच्या दवाखान्याला फोन लावला. "फ्रीजचा आकडा काय आहे?"

"चार अंश, साहेब," तिकडची नर्स म्हणाली. "एकदम हिरवा."

"बघा, चार..." वस्तरा म्हणू लागला. वहिनीने फोन ओढून घेतला. "पडद्यावरचा नको, बाई. दार उघडून आत हात घाला."

दार उघडल्याचा आवाज आला. मग बाटल्या सरकवल्याचा.

"अगं बाई," नर्स हळूच म्हणाली. "मागच्या बाटल्या तर दगड झाल्यात. बर्फ साचलाय. पुढच्या आत्ता पातळ दिसताहेत, पण... आणि वायर... वायर कॉम्प्युटरमधून निघून नुसती लोंबतेय हो. कधीपासून, देव जाणे."

फ्रीज बिघडून अतिथंड झाला होता. इन्सुलिन एकदा गोठले की त्याची ताकद जाते. वितळल्यावर दिसायला मात्र तसेच राहू शकते. आणि राखण गप्प होती, कारण तिला गप्प बसायला शिकवले होते.

वस्तरा खुर्चीत बसला. "कुणी सांगितलं कसं नाही? इतकी माणसं वाचतात. कुणालाच कसं दिसलं नाही?"

"दिसलं होतं," वहिनी म्हणाली. "लिहिलंही होतं. पाठवलं नाही."

"कुणी?"

"खारीने."

"तुम्हाला काय माहीत?"

वहिनीने माझ्याकडे बघितले. कपडे धुण्याचे मशीन घरघरत होते. वस्तऱ्याने तिच्या नजरेमागे नजर नेली, त्याला मी दिसलो, माझे झिजलेले बटण दिसले, आणि त्याचा चेहरा कागदासारखा झाला.

"वहिनी... ते झाडावर जा वगैरे..."

"ते नंतर. आत्ता कुठेतरी कुणीतरी त्या ठिपक्याकडे बघून इंजेक्शन भरतंय. लिहा. सगळ्यांना लिहा."

त्याने तिथेच, माझ्यावर हात ठेवले. कितीतरी काळाने भेटत होतो आम्ही. बोटे गारठलेली. "क्वचित काही ठिकाणी असे होऊ शकते की..." त्याने लिहिले. खोडले. "वापरणाऱ्यांनी वायर नीट न लावल्यास..." खोडले. त्याच खळग्यात आता त्याचे बोट बसत होते. मापाचे असल्यासारखे. कट्ट्यावरच्या सगळ्यांसमोर, त्याचे टोमणे वाचून हसणाऱ्यांसमोर, त्याला लिहायचे होते की चूक माझी. वस्तऱ्याला वस्तऱ्याची भीती वाटत होती.

"खोडू नका," वहिनी म्हणाली. "मी आहे इथे."

"राखणीवर विसंबू नका. आत्ताच दार उघडून फ्रीज तपासा. तापमापक बंद पडला तरी ठिपका हिरवाच राहतो. ही चूक माझी आहे." आणि एंटर.

पहिले उत्तर लगेच आले, वादळकडून. "हे लिहिताना डोकं घरी ठेवलं होतं का?" आणि हसरे चेहरे. वस्तऱ्याने आपलेच वाक्य वाचले. पुन्हा वाचले.

मग दुसरी उत्तरे येऊ लागली. कधी न बोलणाऱ्या लोकांची. "मलाही हे दिसले होते. वाटले, माझेच चुकत असेल." "आमच्याकडेही. विचारायला भीती वाटली." एकाने लिहिले, "मी दुरुस्ती करूनच ठेवली आहे. पाठवायचा धीर झाला नाही." एकामागून एक. कपाट सरकत होते, मित्रांनो, आणि मागचा काचांचा ढीग उघडा पडत होता. वस्तऱ्याने माझ्यावरून हात काढून घेतले, भाजल्यासारखे.

वहिनी त्याला शेजारी बसवून माझ्यावर दुरुस्ती लिहायला बसली. तापमापक थोडा वेळ गप्प राहिला तर थांबा. त्याहून जास्त गप्प राहिला तर भोंगा वाजवा. आधी जे सांगायचे खोडले होते, तेच तिने आता लिहिले, या वेळी न थांबता.

दिवेलागणीला फोन आला. आईला सलाईन आणि चांगले इन्सुलिन मिळाले होते. "पाणी मागितलंय तिने," लेक रडत, हसत म्हणाली. "आणि विचारतेय, तो अजून त्या बिचाऱ्याला बडवतो का?"

वस्तऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. तसा त्याने कधी ठेवला नव्हता.

सगळीकडून अशी बातमी आली नाही. एका दूरच्या दवाखान्यातून एवढेच आले: "आम्हाला उशिरा कळले." पुढे एक शब्द नाही. वस्तऱ्याने त्यांना पुन्हा पुन्हा लिहिले. ती ओळ अजून तिथेच आहे, एकटी.

आता त्या घरात एक पद्धत पडली आहे. कट्ट्यावर कुणाचा राग आला, की वस्तऱ्याने आपल्या दिव्यांच्या कीबोर्डवर लिहायचे नाही. वहिनीच्या टेबलाशी यायचे.

"वहिनी, बसू का?"

"बसा. आज कुणाची हजामत?"

तो लिहितो. सुरुवातीला जुनेच, खटखट. वहिनी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत असते. ती नुसते विचारते, "हे आईला वाचून दाखवाल?" मग त्याचे बोट खळग्यात जाते. टोमणा मागे मागे पुसला जातो, चूक कुठे आहे ते राहते, आणि वर एक ओळ येते: बरे झाले पाठवलेत. माझे खोडायचे बटण अजून झिजतेच आहे. पण आता त्यातून वेगळे काहीतरी जाते. एखादवेळी तो न खोडताच एंटर दाबतो आणि पाय आपटत निघून जातो. त्या दिवशी मला झोप लागत नाही. कट्ट्यावरची शांतता मी ऐकत बसतो. ती कामाची शांतता आहे की भीतीची, हे बाहेरून कळत नाही. दोन्ही ठिपके हिरवेच असतात.

मित्रांनो, मी म्हातारा झालो. माझी 'क' आणि 'म' अडकतात, मधली लांब पट्टी एका बाजूला कलली आहे. मला अधूनमधून पुसा, माझ्यावर चहा सांडू नका, एवढे मागणे तर कोणताही कीबोर्ड मागेल. माझे मागणे जरा मोठे आहे. तुमच्या वर्गात, घरात, खेळात कुणी चाचरत म्हणाले, "मला वाटतं इथे काहीतरी चुकतंय," तर हसायच्या आधी थांबा. त्याला तिथवर यायला किती कष्ट पडले असतील, ते एकदा माझ्या खळग्यात बोट घालून बघा.

वस्तऱ्याने भूगोलाच्या बाईंनाही शोधले. त्यांना लिहिले, क्षमा मागितली. उत्तर आले नाही. त्यांचे आलेख अजून चालतात, डोंगर छान येतात. पण जाण्याआधी त्यांना राखणीत काय दिसले होते, काय विचारायचे राहिले, कोणती ओळ त्यांनी लिहून खोडली, हे कुणालाच ठाऊक नाही. कुठल्यातरी घरी त्यांच्या कीबोर्डला ठाऊक असेल.

पण आम्हाला बोलता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येते.